दयाची पंधरावी गोष्ट

राहुरीजवळच्या देवळाली प्रवराच्या बाजारतळामागे दया कृपादान पारखे हिचं शिलाईचं दुकान आहे. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. पाटीवर ‘ब्लाऊज, परकर, फॉल-पिको’ एवढंच लिहिलंय. आत बसलेली बाई गोष्टी लिहिते हेही पाटीवर लिहावं, असं तिला कधी सुचलं नाही, आणि पुढे त्याचाच तिला मनस्ताप झाला.

दया आता साठीला आलीय. नवरा कृपादान ट्रॅक्टरवर ड्रायव्हर होता, तो जाऊन वीस वर्षं झाली. मूलबाळ नाही. पहाटे पाचला नळाला पाणी येतं. ते भरून झालं की सात वाजेपर्यंतचा वेळ तिच्या लिहिण्याचा. त्या वेळात ती ओठांत चार टाचण्या धरून बसते. लिहायला टाचण्या लागत नाहीत, पण तोंडात टाचण्या धरलेल्या बाईशी कुणी बोलायला जात नाही, हा तिचा तीस वर्षांचा अनुभव. दूधवालासुद्धा पिशवी ठेवून मुकाट निघून जातो.

कच्चं लिखाण पाठकोऱ्या कागदांवर, पेन्सिलीनं. त्यात माणसांची नावं खरीच असतात. नाव बदललं की माणूस बोलायचा बंद होतो, असं तिचं म्हणणं. दंडाचं माप द्यायला हात लांब करून उभ्या राहिलेल्या बाईला गप्प राहवत नाही. दंडावरून ती दिरावर येते, दिरावरून सासूवर, आणि दया टेप गुंडाळत ‘मग?’ एवढंच म्हणते. तिच्या सगळ्या गोष्टी अशा आल्या. कच्चं लिहून झालं की ती ते छबूबाईला वाचून दाखवते. छबूबाई हुक लावायला आणि हातशिलाई करायला येते, तिला अक्षरओळख नाही. वाचताना छबूबाईची सुई जिथं थांबते ती जागा दया तशीच ठेवते. छबूबाईनं जांभई दिली की तेवढा मजकूर गेलाच म्हणून समजा.

मग नावं बदलून लांब वहीच्या कागदावर निळ्या शाईची पक्की प्रत, एकच. कच्चे कागद पाणी तापवायच्या बंबात जळायला. बायकांनी विश्वासानं सांगितलेलं खऱ्या नावांनिशी घरात पडून राहू नये, एवढाच त्यात विचार. सवय चांगलीच होती, पण तिनंच दयाचा घात केला.

इथल्या चर्चमध्ये दिवाळीनंतर कापणीचा सण होतो. ज्याच्या रानात जे पिकलं ते तो वेदीपुढं आणून ठेवतो. बाजरीची कणसं, भोपळे, उसाच्या मोळ्या, कोंबड्या, एखादं करडू. उपासना संपली की आवारात त्या सगळ्याचा लिलाव होतो आणि पैसे मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, कामाला जातात. दयाला गुंठाभरही जमीन नाही. ती दरवर्षी बाजारातून लिंबं आणून ठेवायची आणि विकतचं देवाला वाहताना ओशाळायची. एका वर्षी तिनं ठरवलं की आपल्या हातून पिकतं ते हेच, आणि वर्षभरात लिहून झालेली एकच गोष्ट कापडाच्या तुकड्यात बांधून भोपळ्यांच्या शेजारी ठेवली.

लिलाव पुकारायला काकासाहेब होते. त्यांनी पुडकं उचलून नाकाला लावलं. “ह्याला तर कसलाच वास न्हाई. काय हाय ह्यात?”

“गोष्ट हाय,” दया म्हणाली. मंडळी खो खो हसली.

तेव्हा जोशुआ सरांनी हात वर केला.

प्रा. जोशुआ रणनवरे ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवायचे. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, शब्दाला वजन. त्यांनी बोली लावली म्हटल्यावर हसणारे गप्प झाले. त्या वर्षापासून सरांनी कधी कोंबडीवर बोली लावली नाही, पण दयाचं पुडकं सोडलं नाही. काकासाहेबांनी एक वार, दोन वार, तीन वार म्हणायचं आणि पुडकं सरांच्या काखेत जायचं, असं चौदा वेळा झालं. त्या दिवशी दया घरी शेवयांची खीर करायची. एवढा शिकलेला माणूस आपलं वाचतो, या आनंदावर ती पुढचं वर्ष काढायची. कसं वाटलं, हे विचारायचं धाडस मात्र तिला झालं नाही.

चौदाव्या गोष्टीनंतरच्या दिवाळीत भार्गवी नावाची बँकेतली एक बाई ब्लाऊज न्यायला आली आणि हातातला दिवाळी अंक बाकावर विसरून गेली. दयानं तो चाळायला घेतला. एका पानावर ती थबकली. तिसऱ्या ओळीवर तिनं बोट ठेवलं, कारण चौथी ओळ तिला न वाचताच ठाऊक होती. गोष्ट तिची होती. बाईचं नाव बदललं होतं, राहुरीचं पैठण झालं होतं, चर्चच्या जागी मारुतीचं देऊळ आलं होतं. बाकी प्रत्येक शब्द तिचा. वर छापलं होतं, प्रा. जोशुआ रणनवरे. खाली चौकटीत लेखकाचा परिचय होता, दोन कथासंग्रह, एकाला पुरस्कार, स्त्रीमनाचा हळुवार वेध घेणारे लेखक.

दयानं अंक मिटला, छबूबाईला बरोबर घेतलं आणि तशीच सरांच्या घरी गेली.

सरांनी नाकारलं असतं तर तिला बरं वाटलं असतं. त्यांनी नाकारलंच नाही. “मी ते अख्ख्या मंडळीसमोर लिलावात घेतलंय,” ते म्हणाले. “तू देवाला वाहिलंस, मी देवाकडून घेतलं. वाहिलेलं परत मागायचं असतं का, दया?”

“कागद घेतलाव तुमी. नाव माझं पायजे त्याच्यावर.”

“कुठं आहे नाव? एकाही पुडक्यावर नाव नव्हतं. आणि कच्ची प्रत आहे तुझ्याकडे?”

कच्चे कागद कधीच बंबात गेले होते. छबूबाईला राहवेना. “मी समद्या ऐकल्यात की! पार पयलीपासून!”

“तुम्हाला सहीसुद्धा येत नाही, छबूबाई,” सर हसून म्हणाले. मग दयाकडे वळले आणि अगदी समजुतीच्या सुरात म्हणाले, “खरं सांगू? तुझ्या नावानं कुणी छापलंच नसतं. ब्लाऊज शिवणाऱ्या बाईची गोष्ट कोण वाचणार? मी होतो म्हणून गोष्टी लोकांपर्यंत गेल्या.”

ती चर्चच्या पाळकसाहेबांकडे गेली तर तेही तेच म्हणाले. वाहिलेलं ते वाहिलेलं. शिवाय सर मंडळीच्या पंचायतीत, आपसांत तंटा बरा नव्हे, क्षमा कर. पुढच्या रविवारी त्यांनी क्षमेवरच उपदेश केला आणि दोनदा दयाकडे पाहिलं. दया मान खाली घालून बसली होती. लोकांना वाटलं बाईला पटलं. ती आत धुमसत होती. देवाकडे ती त्या दिवशी क्षमा मागत नव्हती, थोडं डोकं मागत होती.

त्या वर्षी कापणीच्या सणाला तिनं लिंबं ठेवली. सर पुढच्या रांगेत ताटकळले आणि हात हलवत घरी गेले. त्यांचा चेहरा पाहून दयाला एक गोष्ट कळून चुकली. या माणसाला आता तिची गरज होती. त्यांनी अंकवाल्यांना शब्द दिला असणार, आणि स्वतःच्या हातानं त्यांना एक ओळ लिहिता येत नव्हती.

नाताळात ती ताटलीभर करंज्या घेऊन सरांच्या दारात उभी राहिली. “सर, चुकलं माझं. रागाच्या भरात बोलून गेले.” सरांनी मोठ्या मनानं माफ केलं. “लिहीत राहा,” म्हणाले. “तुझ्यात गुण आहे.” करंज्या आवडल्याचंही सांगितलं. घरी येऊन दयानं दार लावलं आणि ती ताटली राख लावून तीनदा घासली.

मग ती विचाराला लागली. सर काम कसं करतात हे तिला आता पक्कं माहीत होतं. नावं बदलायची, गाव बदलायचं, चर्चचं देऊळ करायचं आणि उतरवून काढायचं. जे वाचायचं ते नावं कुठं आहेत हे शोधायला वाचायचं. अशा माणसापुढं त्याची स्वतःची गोष्ट ठेवली तरी त्याला ओळखू येणार नाही, फक्त ती त्याच्या बाजूनं सांगितलेली नसली पाहिजे.

सरांची बायको प्रेमलाबाई. प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या, करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेल्या. दयाचे पाठकोरे कागद त्यांच्याकडूनच यायचे. दर शनिवारी सकाळची शाळा सुटली की त्या दुकानात यायच्या, शिवायला काही असो वा नसो. लग्नाआधी चर्चच्या गानवृंदात त्यांचा आवाज पहिला होता. लग्नानंतर महिन्याभरातच सर म्हणाले, घरात गळा काढायचा नाही, मला वाचताना त्रास होतो. त्रास कधी संपला नाही. पुढं त्या चर्चमध्येही नुसते ओठ हलवायच्या. दुकानात आल्या की म्हणायच्या, “दया, मशीन चालव गं.” दया सुईतला दोरा काढून, कापड न घालता, रिकामी मशीन पायानं चालवायची आणि त्या आवाजाच्या आडोशाला प्रेमलाबाई गायच्या. रस्त्यावर जाणाऱ्याला नुसती मशीन ऐकू यायची. त्यांची मुलगी एंजेला सुरुवातीच्या वर्षांत पाच-सहा वर्षांची, खाली बसून चिंध्या गोळा करायची. एक गाणं त्यांनी स्वतःच रचलं होतं. ते त्या शेवटी म्हणायच्या आणि डोळे पुसून उठायच्या. “हे गाणं कुणाला सांगू नको, दया. ह्यांना तर नाहीच नाही.” दयानं शब्द दिला होता.

हे कागदावर आणावं की नाही, यात तिचे दोन महिने गेले. मेलेल्या मैत्रिणीचं गुपित सूड उगवायला वापरायचं, हे काही शोभणारं नव्हतं, आणि दया स्वतःला फसवणाऱ्यांतली नव्हती. शेवटी तिनं ठरवलं की शब्द गाण्याचा दिलाय, गाणं येऊ द्यायचं नाही. बाकीचं प्रेमलाबाईंनी तिच्याच मशीनच्या आडोशाला तीस वर्षं सोसलं होतं, त्यात आपलाही वाटा आहे.

पंधरावी गोष्ट लिहून व्हायला दिवाळी उजाडली. तीत एक बाई आहे, एक शिवणारी आहे आणि एक रिकामी चालणारी मशीन आहे. नवरा गोष्टीत येतच नाही. फक्त दारातल्या त्याच्या चपला येतात. त्या दारात दिसल्या की बाई गात नाही. वाचून दाखवताना छबूबाईची सुई पहिल्याच पानावर थांबली ती शेवटपर्यंत हलली नाही. “ह्या आपल्या बाई,” ती पदरात तोंड घालून म्हणाली. “सरांना कळंल की गं.”

“न्हाई कळायचं,” दया म्हणाली. “चपला पायात असत्यात, मानूस त्या कशाला बघतोय?”

कापणीच्या सणाला पुडकं पुन्हा भोपळ्यांच्या शेजारी आलं. सरांनी पहिल्याच बोलीला मागच्या सगळ्या वर्षांहून मोठा आकडा पुकारला. काकासाहेब तीन वार म्हणेपर्यंतही सरांना दम नव्हता. दया हात जोडून उभी होती.

पुढच्या दिवाळीत ती छापून आली. राहुरीचं पैठण झालं होतं. चपला जशाच्या तशा होत्या. गोष्ट इतकी गाजली की डिसेंबरात नगरला सरांचा सत्कार ठरला, सत्काराआधी प्रकट मुलाखत आणि कथावाचन. दयानं पुण्याला एंजेलाला फोन केला. “पप्पांचा सत्कार हाय, पोरी. पुढच्या रांगंत बस.” पोरीला काही आठवत असेल की नाही, हे दयाला माहीत नव्हतं. तेवढा एकच डाव दैवावर सोडलेला होता.

सकाळच्या एसटीनं ती आणि छबूबाई नगरला गेल्या आणि सभागृहात मागच्या बाजूला बसल्या. सर व्यासपीठावर होते, सत्काराची शाल शेजारच्या खुर्चीवर घडी घालून ठेवलेली. मुलाखत घेणाऱ्यानं विचारलं की बायकांच्या मनातलं तुम्हाला कळतं कसं. सर म्हणाले, “त्यासाठी ऐकावं लागतं. मी आयुष्यभर ऐकत आलो.” टाळ्या पडल्या. छबूबाई काहीतरी पुटपुटली, ते इथं लिहिण्यासारखं नाही. मग सरांनी अंक उघडला आणि वाचायला सुरुवात केली.

वाचायचे मात्र सुरेख. दयाला स्वतःची वाक्यं त्या कमावलेल्या आवाजात ऐकताना अंगावर काटा आला आणि त्याच वेळी तो आवाज दाबून टाकावासा वाटला. ‘बाई, मशीन चालवू का?’ या वाक्याशी पुढच्या रांगेत एक डोकं झटकन वर झालं. रिकामी सुई खालीवर होऊ लागली तेव्हा एंजेलानं शेजारी बसलेल्या नवऱ्याचा हात धरला. चपला आल्या तेव्हा ती उभी राहिली. मागच्यांनी बसा, बसा म्हटलं. ती बसली नाही. सरांना वाटलं लेक भारावली. ते तिच्याकडे पाहून हसले आणि शेवटपर्यंत वाचत गेले.

टाळ्या थांबल्यावर एंजेला बोलली. “पप्पा, ती बाई कोणतं गाणं म्हणायची?”

“अगं, ते वाचकानं कल्पनेनं जाणायचं. लेखक सगळं सांगत नसतो.”

“तुम्हाला माहीतच नाही. माझ्या आईनं रचलेलं गाणं होतं ते, त्यात माझं नाव होतं. मी तिथं खाली बसलेली असायचे.” तिनं अंकाकडे बोट दाखवलं. “घरात तुमच्या चपला असायच्या म्हणून ती शिलाईच्या दुकानात जाऊन गायची. ही गोष्ट तुम्ही लिहिली नाही. तुम्ही तिचा आवाज तीस वर्षांत ऐकलेला नाही. हे लिहिणारी फक्त एकच बाई असू शकते.” ती वळली आणि रांगांमधून नजर फिरवू लागली. “दयामावशी आलीय का? दया कृपादान पारखे?”

सभागृहात पहिल्यांदाच ते नाव मोठ्यानं घेतलं गेलं होतं. दया उठून उभी राहिली. तिनं सरांकडे पाहिलं. ते अंकाची पानं मागं उलटत होते, घाईघाईनं, ओळींवरून बोट फिरवत. ते चपला शोधत होते. सापडल्या तेव्हा त्यांचं बोट तिथंच थांबलं आणि तोंडावरचा रंग उडाला. हा एक क्षण पाहण्यासाठी दयानं दोन वर्षं गोड बोलून काढली होती. तो तिनं डोळे भरून पाहिला, आणि तिला जराही वाईट वाटलं नाही.

पुढं जे व्हायचं ते झालं. सत्काराची शाल खुर्चीवरच राहिली. अंकाच्या संपादकांचा दयाला फोन आला, पुढच्या अंकात तिच्या नावानं खुलासा छापू म्हणाले. मागच्या चौदा गोष्टींचं मात्र काय करणार, त्यांनी विचारलं. हस्ताक्षरातल्या प्रती असल्या तर हवं ते करता येईल. त्या प्रती सरांच्या कपाटात होत्या. एंजेलानं वडिलांशी बोलणं टाकलं होतं, पाळकसाहेबांनी मध्ये पडायला नकार दिला. दयाला त्या चौदा पुडक्यांनी रात्रंदिवस घोर लावला.

जानेवारीत एका दुपारी सर स्वतःच दुकानात आले. इस्त्री नव्हती, दाढी वाढलेली. हातात कापडी पिशवी. छबूबाई सुई टाकून उठली, दयानं तिला बसवलं. सरांनी पिशवी कापायच्या टेबलावर ठेवली आणि तोंड उघडून दाखवली. आत पुडकी होती. दयाला वरचं निळं अक्षर दिसलं आणि तिचा हात आपोआप पुढं गेला.

सरांनी पिशवी हळूच स्वतःकडे ओढली. “सगळ्या देतो. चौदाच्या चौदा. लिहूनही देतो की तुझ्या आहेत.” त्यांचा आवाज अगदी खाली गेला. “फक्त एवढं सांग. प्रेमला काय गायची? एंजेला सांगत नाही. शब्द तरी सांग, दया. एक ओळ सांग.”

दयानं पिशवीकडे पाहिलं. चौदा वर्षांच्या पहाटा होत्या त्यात. कच्चं काही शिल्लक नव्हतं, पुन्हा जमवायचं म्हटलं तर उरलेलं आयुष्य पुरेल की नाही सांगता येत नव्हतं. समोरचा म्हातारा रडत होता, खरंच रडत होता. ते पाहून तिच्या मनाला फार दिवसांनी थंडावा मिळाला.

“घेऊन जा ती पिशवी,” ती म्हणाली. “गोष्टी काय, मी परत लिहीन, सर. बाई काय परत गायच्या न्हाईत.”

सरांनी पिशवी छातीशी धरली आणि ते बाजारतळाकडे चालू लागले. छबूबाई दारापर्यंत जाऊन बघत राहिली. दयानं पाठकोऱ्या कागदांतला एक कागद ओढला, पेन्सिलीला टोक काढलं आणि पहिल्या गोष्टीतल्या बाईचं खरं नाव काय होतं, ते आठवायला बसली.